शरीरात विरून जाणारे पॉलिमर स्कॅफोल्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिश्यू इंजिनिअरिंगबद्दल, म्हणजे गमावलेली ऊती शरीरात पुन्हा घडवण्याच्या शास्त्राबद्दल, मराठीत बोलायला लागलं की त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. काही एमएस्सी-बीटेकच्या प्रकल्पात अडकलेल्या मुलामुलींच्या असतात, काही रुग्णांच्या घरच्यांच्या, काही विज्ञानशिक्षकांच्या. सर्वांत जास्त आलेल्या शंका इथे एकत्र केल्या आहेत, सोप्याकडून अवघडाकडे. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो: स्कॅफोल्ड बनवणं त्यामानाने सोपं आहे. तो योग्य वेळी आणि योग्य रीतीने नाहीसा होणं अवघड. बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यापाशी येतात.

१. स्कॅफोल्ड म्हणजे नेमकं काय? आणि तो विरघळायला का हवा?

अपघातात हाडाचा तुकडा गेला किंवा भाजून त्वचेचा पूर्ण थर गेला, की आजूबाजूच्या पेशी ती जागा भरून काढू पाहतात. पण अंतर मोठं असेल तर त्यांना धरून पुढे सरकायला काही सापडत नाही आणि ती जागा व्रणाच्या ऊतीने भरते. स्कॅफोल्ड म्हणजे अशा जागी बसवायचा सच्छिद्र आधार. पेशी त्याच्या भिंतींना चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती स्वतःचं कोलॅजन, म्हणजे ऊतीला बांधून धरणारं प्रथिन, विणतात. इमारतीच्या परांचीसारखंच त्याचं काम तात्पुरतं असतं. मात्र ही परांची उतरवायला दुसरी शस्त्रक्रिया करायची नसते, ती आपोआप विरून जायला हवी. कायमची राहिलेली परकी वस्तू जंतूंना आसरा देते, हाडावरचा ताण स्वतःकडे घेऊन हाडाला कमकुवत करते आणि मुलांमध्ये वाढीच्या आड येते.

रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी १९९३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात या क्षेत्राची मांडणी केली. आजही अभ्यासाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

२. ‘विघटनशील’ म्हणजे कंपोस्टमध्ये कुजणाऱ्या पिशवीसारखंच ना?

नाही. ही गल्लत फार होते. पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा कप कंपोस्टमध्ये नीट कुजायचा तर ५८ ते ६० अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान, ओलावा आणि सूक्ष्मजीव लागतात. पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून बनलेल्या लांब साखळ्या. शरीरात तापमान ३७ अंश असतं आणि या पॉलिमरच्या साखळ्या मुख्यतः पाणीच तोडतं. त्यामुळे पाकिटावरच्या ‘कंपोस्टेबल’ शिक्क्यावरून ती वस्तू शरीरात काय करेल हे कळत नाही.

शिवाय तुकडे होणं म्हणजे विघटन नव्हे. आधी साखळ्या तुटतात आणि रेणुभार घटतो, मग ताकद जाते, त्यानंतर वजन कमी होतं आणि शेवटी उरलेले लहान रेणू शरीराबाहेर पडतात. या चार गोष्टी चार वेगवेगळ्या वेळी घडतात. प्रकल्पाच्या अहवालात नुसतं ‘विघटन ४० टक्के’ असं लिहू नका. यांतलं काय मोजलं ते लिहा.

३. विरघळतं म्हणजे जातं कुठे? विषारी काही उरत नाही ना?

पीएलए तुटला की लॅक्टिक आम्ल तयार होतं. धावल्यावर आपल्या स्नायूंत तयार होतं तेच हे. ते शरीराच्या नेहमीच्या चयापचयात शिरतं आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन बाहेर पडतं. पीजीए, म्हणजे पॉलिग्लायकोलिक आम्लापासून ग्लायकोलिक आम्ल होतं. त्याचा काही भाग लघवीवाटे जातो. या कुळावरचा विश्वास टाक्यांमुळे आला. व्हिक्रिल हा विरघळणारा टाका ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइडचा असतो आणि १९७० च्या दशकापासून जगभर वापरात आहे.

नैसर्गिक पॉलिमरचं विघटन मुख्यतः विकरांमुळे (एन्झाइममुळे) होतं: कोलॅजन कोलॅजिनेजमुळे, कायटोसान लायसोझाइममुळे, रेशीम प्रथिनं तोडणाऱ्या विकरांमुळे. विकरांचं प्रमाण माणसागणिक आणि जखमेगणिक बदलतं. सुजलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या जागी हा आधार अपेक्षेपेक्षा लवकर संपू शकतो.

तेव्हा रेणू विषारी नाही हे खरं, पण तो किती वेगाने आणि किती एकवटून बाहेर पडतो याने फरक पडतो. प्रश्न ५ आणि १९ पाहा.

४. कोणतं पॉलिमर निवडू? सगळे पीएलजीए वापरतात, मीही तेच घेऊ का?

आधी ऊती ठरवा, मग पॉलिमर. त्या जागी किती आठवडे आधार लागणार आणि किती भार पडणार, ही दोन उत्तरं हातात असतील तर अर्धी निवड झालीच.

पीजीए लवकर खचतं. दोन ते चार आठवड्यांत त्याची ताकद बरीचशी जाते. पीएलएलए, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या, डाव्या-उजव्या हातांसारख्या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एकाच रूपापासून बनलेलं स्फटिकी पॉलिमर, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. दोन्हींची सांगड म्हणजे पीएलजीए, आणि त्याची गंमत लॅक्टिक व ग्लायकोलिक भागांच्या प्रमाणात आहे (पहिला आकडा लॅक्टिकचा). ५०:५० असेल तर साधारण एक-दोन महिने, ७५:२५ असेल तर चार-पाच महिने, ८५:१५ असेल तर पाच-सहा महिने. हे आकडे रेणुभार, जाडी आणि साखळीच्या टोकाचा गट यांप्रमाणे मागेपुढे होतात, म्हणून बाटलीवरचं लेबल आणि पुरवठादाराचं विश्लेषणपत्र दोन्ही जपून ठेवा.

पीसीएल, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि छापायला सोयीचं असतं. ते मऊ, चिवट आणि सावकाश जाणारं आहे, दोन-तीन वर्षंही घेतं. त्याचा पृष्ठभाग पाणी झटकतो, हा त्याचा दोष. कायटोसान, जिलेटिन, अल्जिनेट, रेशीम हे पेशींना आवडतात, पण ओले झाल्यावर बहुतेकांची ताकद घटते.

हाडासाठी नुसतं पॉलिमर सहसा पुरत नाही. आतल्या जाळीदार हाडाची दाबताकद २ ते १२ मेगापास्कलच्या घरात असते, बाहेरच्या टणक हाडाची १०० च्या वर. म्हणून हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही हाडातल्यासारखी कॅल्शियमची खनिजं मिसळतात. त्याने ताठपणा येतो, हाडाच्या पेशींना ओळखीचा पृष्ठभाग मिळतो आणि विघटनातलं आम्लही काही प्रमाणात शमतं.

५. पीएलजीएची चकती बाहेरून शाबूत दिसते, पण कापली तर आत चिकट लगदा. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच चुकलेलं नाही. तुम्ही या पॉलिमरचा सर्वांत महत्त्वाचा गुण प्रत्यक्ष पाहिलात. जाड चकती ३७ अंशांच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ठेवली की पाणी काही दिवसांत सगळीकडे मुरतं आणि साखळ्या आतबाहेर सारख्याच तुटायला लागतात. पृष्ठभागावर तयार झालेलं आम्ल बफरमध्ये निघून जातं. मध्यभागातल्या आम्लाला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथेच साठतं आणि आम्लामुळे उरलेल्या साखळ्या आणखी वेगाने तुटतात. काही आठवड्यांनी चिमट्यात धरली तर कवच टणक लागतं, ब्लेड लावलं की आतून पिवळसर पांढरा पाक येतो. फ्रान्समध्ये मिशेल व्हेर यांच्या गटाने १९९० च्या आसपास हे सविस्तर दाखवून दिलं.

व्यवहारात याचा अर्थ असा की त्याच पॉलिमरची पातळ फिल्म जाड ठोकळ्यापेक्षा सावकाश जाते. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. सच्छिद्र स्कॅफोल्डच्या भिंती पातळ असल्याने तोही ठोकळ्यापेक्षा हळू तुटतो. ठोकळ्यावर काढलेले विघटनाचे आकडे स्कॅफोल्डला लावू नका.

प्रयोग करताना बफर ठरल्या वेळी बदला आणि त्याचा पीएच टिपून ठेवा. वजनाबरोबर रेणुभारही मोजा, कारण वजन जागचं हलण्याआधीच रेणुभार निम्म्यावर आलेला असू शकतो. घाई म्हणून ६० अंशांवर प्रयोग उरकू नका. पीएलजीएचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर ते काचेसारखं टणक न राहता मऊ पडतं ते तापमान, ४५ ते ५० अंशांच्या आसपास असतं आणि ओलं झाल्यावर ते आणखी खाली येतं. त्याच्या वर गेलात की तुम्ही वेगळ्याच अवस्थेतला पदार्थ तपासत असता.

६. छिद्रं किती मोठी आणि किती टक्के हवीत?

हाडासाठी साधारण ३०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरची छिद्रं सुचवतात, कारण नव्या रक्तवाहिन्या आत शिरायला जागा लागते. त्वचेसाठी लहान छिद्रं चालतात. पण टक्केवारीच्या मागे लागून मुलं मूळ गोष्ट विसरतात: छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का? ९० टक्के सच्छिद्रता असूनही छिद्रं बंद असतील तर आतल्या पेशी उपाशी मरतात. रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे प्राणवायू पुरेसा पोचत नाही. जाड स्कॅफोल्डमध्ये कडेला पेशींची दाटी आणि मध्यभाग ओस, हे चित्र त्यामुळेच दिसतं. आणि सच्छिद्रता वाढली की ताकद झपाट्याने घटते, हेही तितकंच पक्कं.

७. मिठाने छिद्रं करायची पद्धत घरगुती वाटते. ती खरंच वापरतात का? आणि माझे तुकडे मीडियमवर (पेशी वाढवायच्या पोषक द्रवावर) तरंगतात ते कसे बुडवू?

खरंच वापरतात. अँटोनिओस मिकोस यांच्या गटाने १९९० च्या दशकात ती रूढ केली. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, चाळून एका मापाचे घेतलेले मिठाचे कण त्यात पॉलिमरच्या एका भागाला वजनाने ९ भाग मिसळायचे, साच्यात ओतून फ्युम हूडमध्ये द्रावक उडू द्यायचा आणि मग चकती दोन दिवस पाणी बदलत बुडवून ठेवायची. जिथे मीठ होतं तिथे छिद्र. मीठ पूर्ण निघालं का हे पाहायला धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरी गढूळ छटा आली तर अजून धुवायचं आहे. दमट हवेत मीठ गोळे धरतं, म्हणून ते ओव्हनमधून काढून थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

द्रावकाचा अंश मात्र हलक्यात घेऊ नका. औषधांसाठी क्लोरोफॉर्मची मर्यादा ६० पीपीएम आहे. निर्वातात नीट वाळवल्याशिवाय पेशींवर चाचणी केलीत तर पेशी पॉलिमरने मेल्या की क्लोरोफॉर्मने हे कळणार नाही.

तरंगण्याचं कारण छिद्रांत अडकलेली हवा. तुकडे आधी ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवा, मग बफरमध्ये तीनचार वेळा बदलून धुवा आणि रात्रभर मीडियममध्ये ठेवा. गरज वाटली तर हलकं निर्वात द्या.

८. उन्हाळ्यात सुरेख धागे यायचे, जून लागला आणि इलेक्ट्रोस्पिनिंग बिघडलं. मशीन खराब आहे का?

मशीन नाही, हवा. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये द्रावणाच्या थेंबाला १० ते २० किलोव्होल्टचा दाब देतात. थेंबाचं टोक ताणलं जातं, त्यातून बारीक धार निघते आणि १०-१५ सेंटिमीटरच्या प्रवासात द्रावक उडून धागा जमा होतो. द्रावक झपाट्याने उडाला की धाग्याचा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. वाळल्यावर तिथे खळगे राहतात. क्लोरोफॉर्ममधल्या पीसीएल-पीएलएच्या बाबतीत हेच होतं. जिलेटिन किंवा पीव्हीएसारख्या पाण्यातल्या द्रावणांचं उलट होतं: धागा वाळतच नाही आणि ओलेच धागे एकमेकांत विरघळून सपाट पापुद्रा तयार होतो.

पुण्या-मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे सहज जाते. पेटी बंद करून कोरडी हवा सोडा किंवा खोलीत डीह्युमिडिफायर लावा, आणि आर्द्रतामापक पेटीच्या आत ठेवून प्रत्येक बॅचच्या नोंदीत आकडा लिहा. निबंधांत व्होल्टेज असतं, अंतर असतं, आर्द्रता बरेचदा नसते. मग दुसऱ्या प्रयोगशाळेला तो धागा जमत नाही.

या जाळ्यांची एक मर्यादाही लक्षात असू द्या. धागे बारीक म्हणून छिद्रंही बारीक. पेशी वरच पसरतात, आत शिरत नाहीत. त्वचेसाठी किंवा आवरणासाठी ते चालतं, हाडाच्या जाड तुकड्यासाठी नाही.

९. कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचं रीळ आहे. त्यानेच स्कॅफोल्ड छापू का?

छिद्रांची रचना शिकायला, दाबून ताकद पाहायला खुशाल छापा. पेशींवर किंवा प्राण्यांवर वापरण्यासाठी नको. त्या रिळात रंग आणि इतर मिसळद्रव्यं असतात आणि कोणती ते पुरवठादार सांगत नाही. वैद्यकीय दर्जाच्या पॉलिमरला उरलेला मोनोमर, कथिलाच्या उत्प्रेरकाचा अंश आणि रेणुभार यांचं प्रमाणपत्र असतं. शिवाय त्याच नोझलमधून काल दुसरं प्लॅस्टिक गेलेलं असतं. काम पुढे न्यायचं असेल तर पीसीएलसाठी वेगळं नोझल, वेगळी नळी ठेवा.

१०. निर्जंतुक कसं करू? ऑटोक्लेव्ह तर आहेच.

ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत पीसीएल वितळून गोळा होतं आणि पीएलजीए पाण्याने तुटतं. गॅमा किरणांची रूढ मात्रा २५ किलोग्रे. त्याने आकार टिकतो, पण साखळ्या तुटून रेणुभार घटतो, म्हणजे विघटनाचं घड्याळ पुढे सरकतं. इथिलीन ऑक्साइड कमी तापमानाला चालतो, पण तो स्वतः विषारी आहे आणि नंतर हवेत ठेवून पूर्ण घालवावा लागतो. ७० टक्के इथेनॉल आणि अतिनील दिवा प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामाला ठीक. इथेनॉलने बीजाणू मरत नाहीत, म्हणून शोधनिबंधात त्याला निर्जंतुकीकरण म्हणू नका.

पद्धत कोणतीही असो, ताकद, रेणुभार आणि विघटन हे सगळं निर्जंतुक केलेल्या नमुन्यावरच मोजा. रुग्णाच्या शरीरात तोच जाणार आहे.

११. एमटीटी चाचणीत आकडे वरखाली होतात. पेशी जिवंत आहेत की मेल्या?

एमटीटी ही जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी सपाट बशीसाठी बेतलेली आहे. स्कॅफोल्डमध्ये जांभळे स्फटिक छिद्रांत अडकून राहतात, काही पॉलिमर रंग शोषून घेतात, आणि पीएलजीए तर स्फटिक विरघळवण्यासाठी घातलेल्या डीएमएसओमध्ये स्वतःच विरघळतो. पेशी नसलेला स्कॅफोल्ड नेहमी तुलनेला ठेवा. मोजण्याआधी स्कॅफोल्ड नव्या खळग्यात हलवा, नाहीतर बशीच्या तळाला चिकटलेल्या पेशीही हिशेबात धरल्या जातात. डीएनए मोजणं किंवा रेझाझुरिन या रंगद्रव्याची चाचणी जास्त भरवशाची. आणि एकदा तरी जिवंत-मृत रंग देऊन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहा.

मीडियम पिवळं पडलं तर दोन शक्यता: पेशी खूप वाढल्या किंवा पॉलिमरने आम्ल सोडलं. पेशी नसलेल्या खळग्याचा रंग पाहिला की उलगडा होतो.

१२. स्कॅफोल्डमध्ये पेशी घालूनच बसवायला हवं का?

नेहमी नाही. भाजलेल्या त्वचेसाठी आयोनिस यानास आणि जॉन बर्क यांनी केलेला कोलॅजनचा आधार, जो पुढे इंटेग्रा या नावाने आला आणि ज्याला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, तो पेशींशिवायच बसवतात. रुग्णाच्याच पेशी त्यात शिरतात. सिंगापूरमध्ये विकसित झालेल्या पीसीएलच्या जाळीदार बुचाने कवटीतलं भोक बुजवतात, त्यातही बाहेरच्या पेशी नसतात.

पेशी घालून केलेल्या कामांत अँथनी अटाला यांचं मूत्राशयाचं काम गाजलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सात रुग्णांचा अहवाल आला. पण पुढे याच धर्तीवर मुलांवर झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, २०१४ च्या अहवालानुसार, अपेक्षित सुधारणा दिसली नाही आणि गंभीर त्रासही झाले. पहिला निकाल वाचणाऱ्या प्रत्येकाने दुसराही वाचावा.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. यात गाय किंवा डुकराचं काही असतं का?

असू शकतं, आणि विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वैद्यकीय कोलॅजन बहुतेक वेळा गाय किंवा डुकरापासून येतं. इंटेग्रामध्ये गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला घटक असतो. जिलेटिनही प्राणिजन्यच. पीएलए, पीजीए, पीसीएल कारखान्यात तयार होतात. अल्जिनेट समुद्रशेवाळातून येतं आणि कायटोसान प्रामुख्याने कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतून. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सरळ विचारा आणि पाकिटावरचा मूळ स्रोत दाखवून घ्या. काही रुग्णांना ही माहिती नंतर कळते आणि ते योग्य नाही.

१४. रेशमाचे टाके विरघळत नाहीत असं आम्हाला शिकवतात. मग रेशमाचा स्कॅफोल्ड विघटनशील कसा?

टाक्यांच्या वर्गीकरणात रेशीम न विरघळणाऱ्यांत येतं, कारण त्याची ताकद ठरावीक काळात जात नाही. पण शरीरातली विकरं त्याला सावकाश तोडतातच. स्कॅफोल्डसाठी कोष सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात उकळून सेरिसिन हा डिंकासारखा थर काढतात आणि फायब्रॉइन हे रेशमाचं मुख्य प्रथिन लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवून त्याला हवा तो आकार देतात. त्यातल्या घट्ट घडीच्या भागाचं प्रमाण मिथेनॉलने किंवा वाफेने कमीजास्त करता येतं आणि त्याबरोबर टिकण्याचा काळही आठवड्यांपासून वर्षापर्यंत बदलतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनवर बरंच काम झालं आहे.

आपल्याकडे विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर होतं. त्याच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी ओळ असते आणि पेशी नेमकी तीच ओळ पकडतात. तुतीच्या रेशमात ती नसते. अडचण एवढीच की टसर लिथियम ब्रोमाइडमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून संशोधक अळीच्या ग्रंथींतून फायब्रॉइन काढतात किंवा वेगळे द्रावक वापरतात. कोष कापून द्रावणात आणायची सोपी, स्वस्त रीत कोणी बसवली तर त्या जंगलपट्ट्यातल्या मालाला नवं गिऱ्हाईक मिळेल. या विषयावर प्रकल्प शोधणाऱ्यांनी याचा मनापासून विचार करावा.

१५. उंदराच्या पाठीवर माणसाचा कान उगवला होता तो फोटो खरा आहे का?

फोटो खरा, वर्णन चुकीचं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पीजीएच्या जाळीला पीएलए लावून लहान मुलाच्या कानाचा आकार दिला होता आणि त्यात वासराच्या कूर्चेच्या पेशी होत्या. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली तो बसवला. जनुकांत काही बदल केला नव्हता आणि माणसाची एकही पेशी त्यात नव्हती.

१६. आईच्या गुडघ्याची कूर्चा पूर्ण झिजली आहे. स्कॅफोल्ड घालून ती परत येईल का?

वयोमानाने सगळा सांधा झिजला असेल तर आज तरी नाही. कूर्चेच्या पेशी आणि आधार वापरून होणारे उपचार मुख्यतः तरुण सांध्यातल्या मर्यादित खड्ड्यासाठी आहेत, म्हणजे खेळताना किंवा अपघातात एकाच जागी निघालेल्या तुकड्यासाठी. आजूबाजूची कूर्चा धड असेल तरच नवी तिला धरून राहते. आईंसाठी व्यायाम, वजन, औषधं आणि गरज पडली तर सांधा बदलणं, याच वाटांबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला.

कोणी ‘स्टेम सेल’ आणि जेलची सुई देऊन गुडघा नवा करून देतो म्हणत असेल तर पैसे भरण्याआधी थांबा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या मान्य आजारांतलं रक्तपेशीजनक मूलपेशींचं रोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. आणि नोंदलेल्या चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

१७. प्रयोगशाळेत छान निकाल आलेत. रुग्णापर्यंत न्यायला काय काय लागतं?

पेशींवरची सुरक्षितता तपासण्याचे आयएसओ १०९९३ मालिकेतले भाग, मग प्राण्यांवरची चाचणी. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, नंतर घेऊन चालत नाही. माणसांवरच्या चाचणीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी आणि नैतिकता समितीची संमती. नुसता स्कॅफोल्ड असेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात. मूलपेशींपासून केलेलं उत्पादन २०१९ च्या नियमांत नवं औषध ठरतं आणि रस्ता लांबतो. म्हणून पेशी घालायच्या की नाहीत (प्रश्न १२) हे पहिल्याच दिवशी ठरवलेलं बरं.

१८. विरघळणारे स्टेंट आले आणि बंदही झाले. म्हणजे ही कल्पनाच फसली का?

अ‍ॅबॉटच्या अ‍ॅब्सॉर्बला, जो पीएलएलएचा होता, अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री थांबली. धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळी होण्याचं प्रमाण जास्त निघालं. पॉलिमर धातूपेक्षा कमकुवत, म्हणून काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या. जाड काड्यांमुळे रक्ताचा प्रवाह विस्कळीत होतो आणि त्या भिंतीत नीट रुतल्या नाहीत तर तुटताना आत लोंबू शकतात. २०२४ मध्ये गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांसाठी जास्त बारीक काड्यांच्या पीएलएलए स्कॅफोल्डला अमेरिकेत मान्यता मिळाली. कल्पना टिकून आहे, जागा आणि जाडी बदलली.

१९. शस्त्रक्रियेनंतर सगळं बरं झालं होतं. तीन महिन्यांनी विरघळणाऱ्या पिनेच्या जागी फोड येऊन पाणी वाहू लागलं. जंतुसंसर्ग आहे का?

असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या. पण दुसरं कारणही आहे. पीजीएच्या पिना-स्क्रू विरघळताना एकदम खूप आम्ल आणि बारीक कण सुटतात, आजूबाजूच्या ऊतीला ते वाहून नेता येत नाहीत आणि जंतूंविनाच सूज येते. फिनलंडमध्ये ओले बोस्टमन यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पीजीएच्या सुमारे ५ टक्के रुग्णांना असा त्रास झाला होता आणि तो सरासरी ११ आठवड्यांनी दिसला. सावकाश जाणाऱ्या पीएलएमध्ये प्रमाण खूप कमी, पण त्रास झालाच तर तो काही वर्षांनी होऊ शकतो.

संशोधकांसाठी यातून निघणारं काम स्पष्ट आहे: प्राण्यांवरची चाचणी चार आठवड्यांवर थांबवू नका. पॉलिमर पूर्ण जाईपर्यंत पाहा.

२०. स्वीडनमधल्या कृत्रिम श्वासनलिकेचं प्रकरण याच तंत्राचं होतं ना?

नाव तेच लावलं गेलं, पण २०११ साली स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकियारिनी यांनी बसवलेली नळी विघटन न होणाऱ्या प्लॅस्टिकची होती. तिच्यावर मूलपेशी पेरल्या होत्या. नळीला रक्तपुरवठा जोडलेला नव्हता आणि प्राण्यांवरची पुरेशी चाचणीही झाली नव्हती. रुग्ण दगावले. ‘लॅन्सेट’ने या शस्त्रक्रियेवर छापलेला निबंध २०१८ मध्ये मागे घेतला आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. प्रश्न १७ मधल्या पायऱ्यांतली एकही वगळता येत नाही, ती अशा रुग्णांसाठीच.

२१. लहान मुलाच्या शरीरात बसवला तर मूल वाढताना काय होतं?

इथेच विरून जाणाऱ्या पॉलिमरचं खरं मोल दिसतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात स्कॉट हॉलिस्टर आणि ग्लेन ग्रीन यांनी एका तान्ह्या बाळासाठी पीसीएलचा आधार छापला. बाळाची श्वासनळी वारंवार मिटत होती. सीटी स्कॅनवरून त्या बाळाच्या मापाची, एका बाजूने उघडी असलेली नळी केली आणि श्वासनळीच्या बाहेरून बसवून टाक्यांनी श्वासनळी तिला बांधली. बाजू उघडी ठेवल्यामुळे श्वासनळी जाड होईल तशी ती पसरते. तीनेक वर्षांत पीसीएल जातं, तोवर बाळाची स्वतःची कूर्चा ताठ झालेली असते. दुसऱ्या कामांत पीसीएलचा जो संथपणा गैरसोयीचा ठरतो, तो इथे हवाच होता.

मुलांसाठी रचना करताना भिंतीची जाडी आणि उघडी बाजू किती, हे वाढीच्या अंदाजावरून ठरवावं लागतं. प्रौढांच्या मापाला लहान करून भागत नाही.